आपल्याच जमिनीवरचं धरण विकत घ्यायचं?

नदीकाठचा
अमेरिकेतल्या मोन्टानात, फ्लॅटहेड नदीवर 1938 साली केर धरण पुरं झालं. जागा सेलिश-कूटेनाई जमातींच्या राखीव क्षेत्रातली, नाव मात्र वीज कंपनीच्या अध्यक्षाचं! जमातींच्या हाती फक्त भाडं. 1985 च्या परवान्यात पुढे धरण विकत घेण्याची मुभा मिळाली आणि सप्टेंबर 2015 मध्ये ते त्यांनी घेतलं. लवादाने ठरवलेली किंमत सुमारे 1 कोटी 83 लाख डॉलर. कंपनीने बरेच जास्त मागितले होते. नाव बदललं: सेलिश क्सांका क्लिस्पे. वीज आता जमातींचीच कंपनी विकते. म्हणून म्हणतो, भरपाई पुरे, मालकी द्या.

हिशेबी
मालकी आली की शिव्याही येतात. 2023 च्या उन्हाळ्यात वरचा बर्फ लवकर वितळला, फ्लॅटहेड तळं नेहमीच्या पातळीपेक्षा दोनेक फूट खाली गेलं. काठावरच्यांचे धक्के कोरडे, होड्या अडकल्या. तळ्याचं वरचं 10 फूट पाणी या धरणाच्या दारांवर चालतं. नदी सगळ्यांची आणि चावी एकाकडे?

नदीकाठचा
चावी 77 वर्षं कंपन्यांकडे होती, तीही एकाकडेच की! आणि जमात मनाला येईल तसं पाणी अडवत नाही. खाली माशांसाठी ठरावीक पाणी सोडावंच लागतं, केंद्राच्या परवान्यातली अट आहे. धक्क्यांसाठी मासे मारायचे का?

हिशेबी
मासे राहू द्या. पण वीजविक्रीवर जगणारी कंपनी आधी नफा बघणार. मालक आदिवासी असला म्हणून टर्बाइन वेगळी फिरत नाही.

धडगावकर
नफा कुणाच्या घरी जातो ते तरी बघाल की नाही? सरदार सरोवरात आमच्या नंदुरबारची 33 गावं गेली. 27 टक्के वीज महाराष्ट्राच्या वाट्याला, गावाच्या वाट्याला बुडीत. बिलगावच्या लोकांनी श्रमदान करून धबधब्यावर 15 किलोवॅटचं वीजघर उभारलं, 2003 साली दिवे लागले. 2006 मध्ये तेही पाण्याखाली.

हिशेबी
15 किलोवॅटवर धोरण ठरत नाही, भाऊ.

धडगावकर
आमच्या घरातला दिवा लागला होता. तुमच्या धोरणाने तेवढंही केलं नव्हतं.

नदीकाठचा
हिशेबी, नफ्याचा मुद्दा मान्य. पण स्वतःच्या जमिनीवरच्या धरणाचे पैसे जमातींनी का मोजायचे, हे अजून कुणी सांगितलं नाही.