पुरात लाईट गेली तर बाबांचं इन्सुलिन कसं टिकवायचं?

सांगलीची_लेक: आई-बाबा सांगलीत गावभागात, मी पुण्यात. आयर्विन पुलाला पाणी ३८ फुटांवर गेलंय आणि कोयनेतून विसर्ग चालूच आहे. बाबांना दिवसातून दोनदा इन्सुलिन, शिवाय बीपीची गोळी. बाबा म्हणतात धोका ४५ ला, अजून लय वेळ आहे. फ्रीज बंद पडला तर काय करू? बर्फात ठेवायला सांगू का?

कृष्णाकाठचा: बर्फात अजिबात नको!! एकदा गोठलं की ते इन्सुलिन गेलंच, वितळल्यावर नॉर्मल दिसलं तरी टोचायचं नाही. चालू कुपी बहुतेक प्रकारांची २५-३० डिग्रीच्या आत साधारण ४ आठवडे फ्रीजबाहेर राहते (खोक्यातल्या कागदावर बघा, काहींचं वेगळं असतं) आणि पावसाळ्यातली सांगली म्हणजे काय मे महिना नाही. सीलबंद कुप्या बाहेर काढाव्या लागल्या तर त्यावर तारीख लिहा, तिथून दिवस मोजायचे. फारच उकडलं तर कुप्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून छोट्या मडक्यात, ते मडकं मोठ्या मडक्यात आणि मधे ओली वाळू, एवढं पुरतं. आणि बाबांना सांगा, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ४५ ची वाट बघायची नसते.

मेडिकलवाला: फ्रीजपेक्षा मला सिरिंजची भीती जास्त वाटते. आपल्याकडे कुपी ४० ची पण येते आणि १०० ची पण (म्हणजे एका मिलीत तेवढे युनिट). ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला केशरी. कॅम्पात जे हाताशी असेल ते मिळतं, आणि १०० चं इन्सुलिन लाल टोपीत नेहमीच्या रेघेपर्यंत भरलं तर अडीचपट डोस जातो, शुगर धाडकन खाली. म्हणून कुपी आणि सिरिंजा एकाच पिशवीत, सोबत प्रिस्क्रिप्शनचा फोटो. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या डबीतच ठेवा, दमटपणाने रीडिंग चुकतं.

चिपळूणची_ताई: आमच्याकडे जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा सासूबाई माळ्यावर होत्या. खायला काय तर बिस्किटं आणि गोड चहा, ते पण कधी येईल नेम नाही, त्यामुळे जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय द्यायचं नाही हे आम्ही पक्कं केलं. खिशात साखर ठेवा, घाम-थरथर सुटली की ३ चमचे. आणि पाय बघा हो! त्यांना बोटाला काच लागलेली कळलीच नव्हती. पुराच्या पाण्यात अनवाणी नकोच, नंतर धुऊन पुसून बोटांच्या मधे बघायचं. लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या वाटायला आले तर चालू औषधं सांगा त्यांना.

सांगलीची_लेक: थँक्यू सगळ्यांना 🙏 बाबा म्हणतात जेवण नसेल तर इंजेक्शनच घेणार नाही, हे चालेल का?

मेडिकलवाला: सरसकट बंद नको. कुठलं इन्सुलिन आहे त्यावर असतं, काही पूर्ण बंद केलं तर शुगर चढून उलट्या सुरू होतात. जेवण कमी झालं तर डोस किती, उलट्या-जुलाब लागले तर कुठल्या गोळ्या थांबवायच्या, हे डॉक्टरांना आत्ताच फोनवर विचारून कागदावर लिहून घ्या. टॉवर गेल्यावर कोण विचारणार?

सांगलीची_लेक: लिहून घेतलं. कुपी ४० ची आहे, सिरिंज लाल टोपीच्याच. मामा गाडी घेऊन निघालाय, विश्रामबागला नेतोय दोघांना. त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे म्हणून मडक्यांना आईने नाही म्हटलंय.

कृष्णाकाठचा: इन्व्हर्टरवर फ्रीज आहे का विचारा आधी, बऱ्याच घरात नुसते पंखे-ट्यूबच असतात.