मदत हवी आहे: थ्रेट इंटेलिजन्ससाठी नेमकी कोणती माहिती गोळा करायची?

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका सहकारी बँकेच्या आयटी विभागात आहे. माणसं मोजकीच, फायरवॉलपासून शाखेतल्या पासबुक प्रिंटरपर्यंत सगळं आम्हीच बघतो. आता थ्रेट इंटेलिजन्सही (सायबर हल्ल्यांच्या धोक्यांची माहिती जमवून तपासायचं काम) माझ्याकडे आलंय. मिस्प (अशी माहिती साठवायचं मोफत सॉफ्टवेअर) बसवलं, फुकटची फीड (धोक्यांच्या सतत येणाऱ्या याद्या) जोडली, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सूचना येतातच. रोज संशयित आयपी पत्ते आणि हॅश (घातक फाइलींचे डिजिटल ठसे) यांचा ढीग पडतो, पण त्यातलं आपल्या बँकेच्या कामाचं काय, ते कळत नाही.

म्हणून आधी प्रश्न पक्के करायचे आणि त्यांच्यापुरतीच माहिती घ्यायची, असं ठरवलंय. पहिला प्रश्न कॉसमॉस बँकेवरून घेतला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या त्या बँकेचे सुमारे ९४ कोटी गेले. चोरट्यांनी खोटा एटीएम स्विच (एटीएमची मागणी बँकेपर्यंत नेऊन मंजुरी आणणारी यंत्रणा) उभा केला आणि कोअर बँकिंगला, म्हणजे खात्यांची नोंद ठेवणाऱ्या मुख्य प्रणालीला, न विचारताच पैसे काढायला मंजुरी मिळत गेली. आमच्याकडे असं सुरू झालं तर पहिल्या तासात कशावरून कळेल? स्विचचे लॉग आणि कोअर बँकिंगच्या नोंदी ताडून पाहाव्यात, असं वाटतंय.

अडचण अशी की स्विच व्हेंडरकडे आहे. लॉग मागितले की आधी मेल, मग तिकीट, मग दोन दिवस वाट. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं. हातात काहीच नसेल तर कळवणार काय? आणि बाहेरची कुठली फीड ठेवू, कुठली बंद करू?

प्रतिसाद – मिहानकर
दादा, दिशा बरोबर आहे, पण स्विच खोटा असेल तर ते व्यवहार तुमच्या खऱ्या स्विचच्या लॉगमध्ये येणारच नाहीत. कार्ड नेटवर्ककडून येणारी सेटलमेंट फाइल (झालेल्या कार्ड व्यवहारांच्या देण्याघेण्याची यादी) कोअर बँकिंगशी ताडा. ती उशिरा येते, म्हणून पेमेंट सर्व्हरशी एखादं नवं मशीन बोलायला लागलं की फायरवॉलचा अलर्ट आला पाहिजे. ते लॉग तुमच्याच हातात आहेत. व्हेंडरने किती वेळात लॉग द्यायचे, ते करारात लिहून घ्या. प्रत्येक फीडसमोर लिहा: कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि अलर्ट आला की कोण काय करणार. रकाना रिकामा राहिला तर ते फीड बंद. सर्ट-इन ठेवाच. मायटर अटॅकमधून (हल्लेखोरांच्या पद्धतींची खुली सूची) बँका लुटणाऱ्या टोळ्यांच्या पद्धती वाचा. आयपी रोज बदलतात, पद्धती सहसा टिकतात.

धागाकर्ता
मनापासून आभार. सेटलमेंट फाइल आमच्याकडे रिकन्सिलिएशनवाले (हिशोब जुळवणारे) बघतात, आयटी नाही. सोमवारी त्यांच्याकडेच जाऊन बसतो. सुट्टीच्या दिवशी ती कोण उघडतं, तेही विचारतो. कॉसमॉसवरचा पहिला घाला ११ ऑगस्टचा, दुसऱ्या शनिवारचा होता.