मदत हवी आहे: अमेरिकेतल्या अणुवीज प्रकल्पाला ४५वाय घ्यावं की ४८ई?

३०० मेगावॉटच्या लहान अणुभट्टीचं आर्थिक मॉडेल करतोय. जागा बंद पडलेल्या कोळसा वीजकेंद्राची, बांधकाम २०२८ला सुरू, खर्च किलोवॉटमागे ९,००० डॉलर. अमेरिकी करकायद्याच्या कलम ४५वायमध्ये १० वर्षं प्रत्येक युनिटवर टॅक्स क्रेडिट (भरायच्या करातून थेट वजावट), ४८ईमध्ये भांडवली खर्चाच्या ३०%. दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. निवड कशी करावी? आणि ३०% खरंच पूर्ण मिळतात का?

प्रतिसाद १
आधी आकडे मांडा. ९०% भारावर वर्षाला साधारण २३६ कोटी युनिट वीज होईल. सुमारे ३ सेंट दराने ७.१ कोटी डॉलर, म्हणजे १० वर्षांत ७१ कोटी. ८% वटावाने (पुढे मिळणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य काढायचा दर) त्याचं मूल्य ४८ कोटींच्या आसपास. ४८ईमध्ये २७० कोटींच्या एकूण खर्चावर (३ लाख किलोवॉट × ९,००० डॉलर) सरळ ८१ कोटी. जमिनीची किंमत आणि पारेषण वाहिनी मात्र यातून वगळा. स्टेप-अप (व्होल्टेज वाढवणारा) ट्रान्सफॉर्मर धरलेला चालतो.

खर्च वाढला की ४८ईचं क्रेडिटही वाढतं, ४५वायचं नाही. जॉर्जिया राज्यातल्या व्होग्टल ३ आणि ४ या अणुभट्ट्यांचा खर्च ३,००० कोटी डॉलरच्या वर गेला, हे विसरू नका. त्या दोन्ही भट्ट्या २००५च्या कायद्यातल्या ४५जे या जुन्या अणुवीज-क्रेडिटखाली आहेत. तिथे २०२०अखेर सुरू होण्याची अट होती, ती २०१८मध्ये काढली गेली म्हणूनच क्रेडिट वाचलं. प्रत्यक्षात त्या २०२३ आणि २०२४मध्ये सुरू झाल्या.

प्रतिसाद २
३०% आपोआप मिळत नाहीत. मूळ दर ६%च आहे. प्रचलित मजुरी (त्या भागात त्या कामासाठी सरकारने ठरवलेला दर) दिली आणि एकूण श्रमतासांपैकी १५% नोंदणीकृत शिकाऊ कामगारांकडून करून घेतले, तरच पाचपट. चार किंवा जास्त माणसं लावणाऱ्या प्रत्येक उपकंत्राटदाराकडे किमान एक शिकाऊ हवा. गडबड बहुतेक वेळा इथेच होते: मुख्य कंत्राटदाराचे कागद चोख, पण खालच्या पाइप-वेल्डिंगवाल्याच्या पगारपत्रकात कामाचा वर्गच चुकीचा. मजुरी कमी पडली तर फरक, त्यावर व्याज आणि माणशी ५,००० डॉलर दंड भरून दुरुस्ती होते. पगारपत्रकं पहिल्या दिवसापासून दर आठवड्याला मागवा.

धागाकर्ता
धन्यवाद! जागेचा काही फायदा? आणि क्रेडिट हातात पडायला भट्टी सुरू होईपर्यंत थांबायचं का?

प्रतिसाद १
कोळसा केंद्र २००९ नंतर बंद झालं असेल, तर त्या जनगणना-पट्ट्यात (जनगणनेसाठी आखलेल्या छोट्या भागात) आणखी १० टक्के गुण मिळतात, म्हणजे एकूण ४०%. मजुरीची अट इथेही लागू. बांधकाम दोन वर्षांहून लांबणार असेल, तर खर्च होईल तसतसं क्रेडिट घेण्याचा पर्याय आहे. तो निवडाच, व्याजाचा बराच भार हलका होतो.

तीन गोष्टी मॉडेलमध्ये घाला. क्रेडिटच्या निम्म्या रकमेने घसाऱ्याचा पाया (ज्या किमतीवर घसारा मोजतात ती) घटतो. सुरू झाल्यावर पाच वर्षांत प्रकल्प विकला तर क्रेडिटचा काही भाग परत जातो. आणि काम २०३३अखेरपर्यंत सुरू झालं तरच पूर्ण दर. २०३४ला ७५%, २०३५ला ५०%, पुढे काहीच नाही.

प्रतिसाद २
तुमचं काम २०२५ नंतर सुरू होणार, म्हणून चीन-रशियाशी संबंधित पुरवठादारांच्या मालाची मर्यादाही लागू होते. खरेदीच्या निविदेतच प्रत्येक सुट्या भागाचं मूळ लिहून घ्या.