स्वतःचंच मूल संडे स्कूलच्या वर्गात
ताई, तुमची मुलगी तुमच्याच संडे स्कूलच्या (चर्चमधल्या रविवारच्या मुलांच्या) वर्गात आहे आणि सारखी मांडीवर येऊन बसते म्हणालात, माझा मुलगा पण दोन वर्षं माझ्याच वर्गात आहे, परळला. मी एक चूक केली, बाकीच्यांना वाटू नये की आपल्याच पोराला पुढे करते म्हणून त्याचा हात बघून न बघितल्यासारखं करायचे. एकदा बायबलमधली, लूक 19 मधली जक्कयची, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेल्या माणसाची गोष्ट चालू होती, मी फळ्यावर उंबराचं झाड काढत होते, याला सगळं येत होतं, हात दुखायला लागला तसा दुसऱ्या हाताने आधार देऊन तो वर धरून बसला आणि मग हळूच खाली घेतला. अजून पोटात कालवतं. आता त्याचाही नंबर लागतो. मांडीवर प्रार्थनेच्या वेळी बसू दे की, माझ्याकडे तर बाकीची छोटी पण येतात.