मदत हवी आहे: पोरगा गल्लीतल्या 'भाई'च्या नादी लागलाय

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरात विडी घरकुलला राहतो. मी विड्या वळते, हे यंत्रमागावर रात्रपाळीला. थोरला दहावीत. एका 'भाई'च्या पोरांत त्याची उठबस वाढलीय; तलवारीनं केक कापतानाच्या रीलमध्ये हा मागं उभा! खिशात पैसे असतात, कुठून आले ते सांगत नाही. हे म्हणतात, पट्ट्यानं फोडतो. मला नाही पटत. मार खाल्ला की पोरगं तिकडंच जास्त रमतं.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या मोठ्यांना ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तक्रार केली तर आधी आमच्याच पोराचं नाव पुढं येईल का? १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, कुणी फोन केलाय का, पुढं काय होतं? आणि संध्याकाळी त्याला गुंतवायला जवळपास एखादी तालीम नाहीतर कबड्डीचा संघ सुचवा, फी झेपेल असा.