दलाँची फेरारी: धूळ पुसावी की राहू द्यावी?

धुळवड:
२०१४ मध्ये पश्चिम फ्रान्समधल्या बायों कुटुंबाच्या जागेत, पडक्या शेडांखाली साठेक जुन्या गाड्या सापडल्या. त्यात एक १९६१ची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, एके काळी नट आलँ दलाँच्या वापरातली. गाडी मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती धुळीसकट सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली.

माझं म्हणणं, तिला हात लावू नये. आखूड व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेल्या) अशा ५६च गाड्या बनल्या, आणि त्यातल्या घासूनपुसून लखलखीत केलेल्या कितीतरी आहेत. फेरारीच्या बॉड्या बनवणाऱ्या स्कालिएत्तीच्या कारागिरांनी पत्रा हातानं ठोकलाय, डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळतही नाही. आजचे रिस्टोरर, म्हणजे जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारे, ती जुळवतात, वर आरशासारखा रंग देतात. अशी गाडी १९६१ मध्ये कुणी पाहिलीच नव्हती!

सायलेन्सर:
धुळवडराव, गठ्ठ्यांखाली गाडी कुजवणं याला इतिहास म्हणायचं? हा निव्वळ हलगर्जीपणा. या गाडीची बॉडी पोलादाची, पण दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचं. जिथे हे दोन धातू चिकटतात तिथे दमट हवेत आधी अॅल्युमिनियम जातं, पांढरी भुकटी होते. तुम्ही 'जशी आहे तशी' म्हणता, पण ती जशी आहे तशी राहतच नाही.

आणि तीन लिटरचं व्ही-१२ इंजिन ऐकायचं असतं हो. तीन वेबर कार्बोरेटर एका सुरात आणणं हीसुद्धा कारागिरीच, स्कालिएत्तीच्या हातोडीइतकीच. २०१४ मध्येच अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोत्तम गाडीचा मान दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीसाठी बनवलेल्या फेरारी ३७५ एमएमला मिळाला, आणि ती रिस्टोअर केलेली होती.

धुळवड:
त्याच पेबल बीचला २००१ पासून हात न लावलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे, ते सोयीस्कर विसरलात. गंज थांबवा, मी कुठे नाही म्हणतोय? कोरड्या खोलीत ठेवा. रंग खरवडू नका एवढंच.

चहाबिस्कीट:
मालकाला कुणी विचारलंय का? एवढे युरो मोजल्यावर मी तर त्या मासिकांचीही पावती मागितली असती.

नंबरप्लेट:
एक मुद्दा राहिला. इटलीतल्या मारानेल्लोत फेरारीचा स्वतःचा, जुन्या गाड्यांसाठीचा क्लासिके विभाग आहे, २००६ पासून. चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स कारखान्याच्या जुन्या नोंदींशी जुळतात का ते बघून तिथे प्रमाणपत्र देतात. म्हणजे प्रमाणपत्र धुळीसाठी मिळत नाही, आणि नव्या रंगासाठीही नाही. तुम्ही दोघं पत्र्यावरच भांडताय.

कुर्ल्याचा:
कोट्यवधींचं मला कळत नाही, पण आमच्याकडे पद्मिनी होती. तीही मुळात इटालियनच, फियाट ११००. वडील गेल्यावर एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगला दिली. नवरीसारखी सजून आली. घरी आणून ड्रायव्हरचं दार उघडलं, तर आतल्या कडेला वडिलांनी खिळ्यानं कोरलेले टायरच्या हवेचे आकडे गायब, पुट्टी भरून वर रंग. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, ओरखडे होते, फुकटात काढून दिले."

सायलेन्सर:
अरेरे. हे मात्र वाईट झालं. त्याला आधी विचारायला काय झालं होतं! पण खरं सांगा, गाडी चालवता की नाही आता?

कुर्ल्याचा:
चालवतो की. दर रविवारी. हवा मात्र अंदाजानं भरतो.

धुळवड:
बघा सायलेन्सरभाऊ.

सायलेन्सर:
काय बघा? चालतेय ना!