टेक्सासच्या ग्रामीण स्वयंसेवी अग्निशमन दलांचा खर्च राज्याने उचलावा का?

माळरान (धागाकर्ता)
फेब्रुवारी २०२४ मध्ये टेक्सासच्या पॅनहँडल भागात (राज्याच्या उत्तर टोकाला), स्टिनेट गावाजवळ विजेचा कुजका खांब मोडून ‘स्मोकहाउस क्रीक’ वणवा पेटला आणि त्याने दहा लाखांहून अधिक एकर जमीन जाळली. अशा आगीपाशी सर्वांत आधी पोहोचतात ते बहुतेक गावोगावचे बिनपगारी स्वयंसेवक. विधानसभेच्या चौकशी समितीने मे २०२४ च्या अहवालात या दलांचा निधी वाढवावा, अशी शिफारस केली.

राज्याची अनुदान योजना २००१ पासून आहे आणि तिचा कारभार टेक्सास ए अँड एम वनसेवा पाहते. पाण्याची टाकी बसवलेले ट्रक, आगरोधक पोशाख आणि प्रशिक्षण यांसाठी दले अर्ज करतात. मात्र मंजुरीची वाट पाहण्यात अनेक दलांची वर्षे गेली आहेत. या योजनेचा पैसा विमा कंपन्यांवरील आकारणीतून येतो. आगीच्या नावाने गोळा केलेली रक्कम विधिमंडळाने पूर्णपणे आगीसाठीच द्यावी, आणि ती अपुरी पडल्यास राज्याच्या तिजोरीतून भर घालावी, असे माझे मत आहे.

हिशेबनीस
विमा कंपनी ही आकारणी पदरची भरत नाही. ती शेवटी हप्त्यातच येते. ह्यूस्टनमधला घरमालक आपल्या शहराच्या पगारी दलासाठी कर भरतोच, वर हप्त्यातून दूरच्या काउंटीचा (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) ट्रकही घेऊन देतो. राज्यघटनेने ग्रामीण मतदारांना आपत्कालीन सेवा जिल्हा (अशा सेवांसाठी कर लावणारे वेगळे स्थानिक क्षेत्र) स्थापन करून मालमत्तेच्या दर १०० डॉलर मूल्यांकनावर १० सेंटपर्यंत कर लावण्याची मुभा दिलेली आहे. तो कर मतदानात नाकारायचा आणि मग राजधानीकडे हात पसरायचा, हे मला पटत नाही. शिवाय गुरांच्या मोठमोठ्या कुरणांवर बाजारभावाने नव्हे, तर शेतीच्या उत्पन्नावर आधारलेल्या मूल्यांकनाने कर लागतो. ही सवलत योग्यच असेल, पण स्थानिक तिजोरी त्यामुळेही रिकामी राहते, हे मान्य करायला हवे.

माळरान
हिशेबनीस, आपण सांगितलेल्या दराचे गणित करून पाहा. १० लाख डॉलरच्या मूल्यांकनावर वर्षाला फार तर हजार डॉलर मिळतील, आणि सुसज्ज ट्रकची किंमत लाखांत असते. वणव्याची मोठी झळ सोसलेल्या रॉबर्ट्स काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत हजाराच्याही आत होती. दुसरे असे, की ही आग काउंटीचीच काय, राज्याची सीमाही ओलांडून ओक्लाहोमात गेली. ज्या काउंटीत ती पेटली, तिच्या करदात्यांनीच सगळा भार का सोसावा? महामार्गावर अपघात झाला की हीच दले धावतात, आणि गाडीत अडकलेला माणूस पुष्कळदा आपल्यासारखा शहरातून निघालेला प्रवासी असतो.

हिशेबनीस
महामार्गाचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र लोकसंख्या कमी म्हणजे मूल्यांकनही कमी, असे टेक्सासमध्ये धरून चालता येत नाही. उत्पादन चालू असलेल्या तेल आणि वायूच्या विहिरींतले खनिज हक्कही तेथे करपात्र मालमत्ता आहेत, म्हणून माणसे मोजून गरिबी ठरवू नये.

बंबवाला
मी अशाच एका लहान दलात स्वयंसेवक आहे. दोन्ही बाजू ट्रकच्या किमतीवरच अडल्या आहेत; आमची अडचण त्याच्या अलीकडे आणि पलीकडेही आहे. अनुदानात दलाला आपला हिस्सा घालावा लागतो आणि तो उभा करण्यासाठी आम्ही बार्बेक्यूची तिकिटे विकतो. ट्रक दारात आल्यावर डिझेल, टायर, पंपाची दुरुस्ती हा सगळा खर्च आमच्याच गल्ल्यातून होतो. (अर्ज भरणारा माणूस दिवसभर नोकरी करून रात्री कागद हाताळतो, हे वेगळेच.) चालू खर्चासाठी थोडी पण दरवर्षी हमखास मिळणारी रक्कम मला एकदाच मिळणाऱ्या नव्या ट्रकपेक्षा मोलाची वाटते.

हिशेबनीस
बंबवाला यांचे म्हणणे रास्त आहे, आणि नेमक्या याच चालू खर्चासाठी स्थानिक कर हवा. राज्याने ट्रक द्यावा, पण ज्या भागाने स्वतःवर थोडा तरी कर लावून घेतला आहे, त्याचा अर्ज रांगेत पुढे घ्यावा.

माळरान
या अटीला माझा विरोध आहे. कराचा प्रस्ताव मतदार फेटाळतात आणि जुन्या ट्रकवर स्वयंसेवक चढतो. त्याचा अर्ज मागे ठेवून शिक्षा नेमकी कोणाला होणार? कराचा विचार व्हावाच, पण रांगेतला क्रम वणव्याचा धोका आणि ट्रकचे वय पाहून ठरवावा.